इंजिन उतरवण्याआधी चार आकडे मागा

पत्र: "चिपळूणजवळच्या एका गावात मी शिक्षिका आहे. आठ महिन्यांपूर्वी 2009 सालची पेट्रोल वॅगन आर एका एजंटकडून 95 हजारांना घेतली. मीटरवर 82 हजार किलोमीटर होते. रोज शाळेत जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर होतात आणि महिन्यातून दोनदा कुंभार्ली घाटाने कराडला आईकडे जाते. पहिले तीन महिने गाडीने काही त्रास दिला नाही. आता सकाळी सेल्फ मारला की नुसतं टकटक वाजतं, पाचव्या-सहाव्या वेळी कधीतरी चालू होते. बॅटरी नवी टाकली, आठ दिवस बरे गेले, पुन्हा तेच. घाट चढताना टेंपरेचरचा काटा एचपर्यंत जातो, माथा ओलांडला की उतरतो. उभी असली की गाडी थरथरते, एसी लावला तर कधी बंदच पडते. खराब रस्त्याला पुढून खडखड येते. ॲव्हरेज अकराच्या वर जात नाही. धूर दिसत नाही. ऑइल मी दर रविवारी स्वतः दांडी काढून बघते, ते कमी होत नाही. मेकॅनिक म्हणतो, इंजिन उतरवून बोअर-पिस्टन करावं लागेल, चाळीस हजार. मिस्टर म्हणतात, भंगारात घाल. घाटात एकटी असताना बंद पडेल याची भीती वाटते, पण गाडी मला विकायची नाही. काय करू?"

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय: ऑइल कमी होत नाही आणि धूर नाही. बोअर-पिस्टन, म्हणजे झिजलेल्या सिलिंडर-पिस्टनची दुरुस्ती, करायची वेळ आलेलं इंजिन ऑइल पितं. पिस्टनवरच्या रिंगा झिजल्या की ऑइल वर चढतं, पेट्रोलबरोबर जळतं आणि जोरात ॲक्सिलरेटर दिला की मागून निळा धूर येतो. दर रविवारी दांडी पुसून बघणाऱ्या माणसाच्या नजरेतून ते सुटणार नाही. म्हणून माझं पहिलं सांगणं, चाळीस हजारांच्या कामाला आज होकार देऊ नका. नकारही देऊ नका. मेकॅनिकला कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो त्याची मोजणी, करायला सांगा आणि चारही सिलिंडरचे आकडे कागदावर लिहून मागा.

ही टेस्ट तासाभराचं काम आहे. इंजिन गरम असताना चारही स्पार्क प्लग काढायचे, पेट्रोल आणि स्पार्क तोडायचा, एकेका प्लगच्या भोकात गेज बसवायचं, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून काटा थांबेपर्यंत सेल्फ मारायचा. सुस्थितीतल्या अशा इंजिनात साधारण 12 ते 14 किलो, म्हणजे 170 ते 200 पीएसआय प्रेशर दिसतं. जुन्या गाडीत थोडं कमी आलं तर घाबरायचं कारण नाही. चारही आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का, ते बघायचं. फरक एका किलोच्या आत असेल तर त्या इंजिनाला हात लावायची गरज नाही. एखादा सिलिंडर फारच खाली असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा वर चढला तर दोष रिंगांचा. आहे तिथेच राहिला तर दोष व्हॉल्व्हचा, म्हणजे फक्त हेड, इंजिनचा वरचा भाग, उतरवून भागेल. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच खाली असतील तर हेडखालच्या सीलकडे, हेड गॅस्केटकडे, बोट जातं. तीन वेगळे दोष आणि तीन वेगळी बिलं. "इंजिन उतरवू" हे तिन्हींचं एकच उत्तर देणाऱ्याने तपासणी केलेली नसते.

मेकॅनिक लबाडच आहे असं मी म्हणत नाही. आपल्याकडे गॅरेजला पैसे मिळतात ते पार्टचे आणि मजुरीचे. "गाडीला काय झालंय ते शोधून दे, त्याचे इतके घे" असं कोणी म्हणत नाही. मग तो बिचारा पार्ट बदलून बदलून शोधतो आणि त्या शोधाचा खर्च आपण भरतो. तुमची नवी बॅटरी अशीच गेली. तेव्हा त्याला सरळ सांगा, "दादा, आज पार्ट काही बदलायचा नाही, तपासणीचे पैसे वेगळे देते." चांगला कारागीर खूश होईल. जो कुरकुर करेल त्याच्याकडून इंजिन तर मुळीच उतरवून घेऊ नका.

आता टकटक. सेल्फ मारल्यावर एकदाच जाड "टक" वाजून शांतता पसरली तर संशय सेल्फवर, त्याला करंट जोडणाऱ्या सोलेनॉइडवर नाहीतर आतल्या झिजलेल्या कार्बन ब्रशवर. पण "टकटकटकटक" असं सलग वाजत असेल, आणि तुमच्या लिहिण्यावरून तसंच वाटतंय, तर सेल्फपर्यंत पुरेसा करंट पोचत नाही. बॅटरी नवी असूनही पोचत नाही, याचा अर्थ एक तर ती चार्ज होत नाही किंवा वाटेत कुठेतरी गळचेपी आहे.

हे तुम्ही स्वतः शोधू शकता. इलेक्ट्रिकच्या दुकानात साधा डिजिटल मल्टीमीटर घ्या, तीन-चारशे रुपयांत मिळेल. तो डीसी 20 व्होल्टवर ठेवा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर 12.6 च्या आसपास दिसायला हवं. 12.2 दिसलं तर बॅटरी अर्धी रिकामी. गाडी चालू झाल्यावर 13.8 ते 14.5. त्याच्या खाली असेल तर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर किंवा त्याचा ढिला पट्टा बघायचा. ढिला पट्टा बहुतेक वेळा सकाळी चीं करून सांगतोच.

हे दोन्ही आकडे ठीक आले तर तिसरी चाचणी करा. माझी पैज तिच्यावरच आहे. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसच्या खुंटीवर टेकवा, वायरीच्या क्लॅम्पवर नव्हे, खुद्द शिशाच्या खुंटीवर. लाल पिन इंजिनच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूवर, एखाद्या बोल्टच्या डोक्यावर. घरातल्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि मीटरकडे बघा. आकडा 0.2-0.3 च्या आत राहिला तर अर्थिंग ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर बॅटरी आणि इंजिन यांच्यातली अर्थिंगची वायर गंजली आहे किंवा तिचा बोल्ट ढिला आहे. मीटर नसला तरी खातरजमा होते: जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावा. लगेच सेल्फ जोमात फिरला तर चोर सापडला. नवी जाड अर्थिंग पट्टी टाकायची, बसायची जागा सँडपेपरने चकचकीत करायची, घट्ट आवळायचं आणि वरून ग्रीस लावायचं. तुमच्या नव्या बॅटरीच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे.

अर्थिंगवर मी इतका का अडून बसलोय? कारण तुमचा पत्ता. चिपळुणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्या हवेत तांब्याच्या वायरीवर हिरवा क्षार चढायला पूर लागत नाही. पण पूरही आला होता. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा किती गाड्या बुडाल्या, ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलं असेल. बुडालेली गाडी धुऊन, वाळवून, सीटकव्हर बदलून पुन्हा बाजारात येते. ती पहिले काही महिने छानच चालते, कारण गाळातला ओलावा कनेक्टर आणि अर्थिंगचे जोड सावकाश खातो. तुमची गाडी तशीच आहे असं मी म्हणणार नाही, पण बघून घ्या. ड्रायव्हरचा सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. आतल्या टोकाला मातकट डागाची आडवी रेघ दिसते का? सीट ज्या रुळांवर सरकते त्यांच्या कोपऱ्यात गंज आहे का? मॅटखालचा गालिचा उचला, स्टेपनीच्या खड्ड्यात बघा, बोटाला बारीक चिकट गाळ लागतो का? डॅशबोर्डखालचा फ्यूजबॉक्स उघडून पितळी पात्यांवर हिरवटपणा शोधा. यातलं काही सापडलं तर बिघाडांच्या मागे एकेक करून धावू नका. चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गाडी दिवसभर सोडा. सगळे अर्थिंगचे जोड आणि बॉनेटखालचे कनेक्टर उघडून, साफ करून घ्या. मेकॅनिककडे नको, वायरिंगवाल्याकडेच. ही दोन वेगळी माणसं असतात.

घाटातल्या काट्याकडे वळण्याआधी एक छोटी परीक्षा घ्या. काटा वर गेलेला असताना हेडलाइट लावा आणि बंद करा. लाइटबरोबर काटा हलला तर अर्थिंग बिघडल्यामुळे टेंपरेचरचा मीटरच खोटं बोलतोय, निदान थोडंफार तरी. काटा जागचा हलला नाही तर गरमी खरी आहे असं धरून चाला.

काटा कधी चढतो, यातच निम्मं उत्तर असतं. सपाट महामार्गावर ऐंशीच्या वेगात चढत असता तर मी म्हटलं असतं, रेडिएटर आतून चोक झालाय नाहीतर पाण्याचा पंप गेलाय, कारण तिथे वारा भरपूर असतो. पण पोफळी सोडल्यावर दुसऱ्या गिअरमध्ये ट्रकच्या मागे रखडताना वारा नसतो. तिथे सगळी भिस्त रेडिएटरच्या पंख्यावर. तो फिरत नसेल तर काटा चढणार आणि माथा ओलांडून हेळवाककडे उतरायला लागलात की खाली येणार. तुमच्याकडे नेमकं हेच होतंय.

अंगणात गाडी चालू ठेवून, एसी बंद ठेवून बॉनेट उघडा आणि हात, ओढणी, साडीचा पदर पंख्यापासून लांब ठेवून उभ्या राहा. काटा मध्यावर आला की थोड्या वेळाने पंखा आपणहून सुरू व्हायला हवा, मग बंद, मग पुन्हा सुरू. काटा मध्य ओलांडून वर निघाला आणि पंखा ढिम्म असेल तर गाडी बंद करा, उत्तर मिळालं. पुढे इलेक्ट्रिशियन बॅटरीवरून पंख्याच्या मोटरला थेट करंट देईल. तरीही फिरला नाही तर मोटर गेली. फिरला तर मोटर ठीक, दोष फ्यूज, रिले, सेन्सर किंवा कनेक्टरचा. फिरतोय पण मरगळलेला वाटतोय, असंही होतं. मोटरचे कार्बन ब्रश झिजलेले असतात किंवा पुन्हा तीच अर्थिंग.

पंखा ठणठणीत निघाला तर टॉर्च घेऊन पुढच्या जाळीतून आत बघा. तिथे दोन जाळ्या एकामागे एक असतात, पुढची एसीची आणि मागची रेडिएटरची. त्या दोहोंच्या फटीत माती, पानं, किडे यांचा थर बसतो. बाहेरून गाडी कितीही धुतली तरी तो निघत नाही. रेडिएटर ढिला करून मागून पुढे, हलक्या धारेने धुवावा लागतो. प्रेशर वॉशरची धार लावू देऊ नका, नाजूक पाती वाकतात आणि वाट पहिल्यापेक्षा जास्त बंद होते.

रेडिएटरच्या टोपीलाही कुणी विचारत नाही. ती नुसतं झाकण नसते. तिच्यातली स्प्रिंग साधारण 0.9 बारचा दाब धरून ठेवते, म्हणून आतलं पाणी 100 ऐवजी 118 अंशांच्या आसपासपर्यंत उकळत नाही. टोपीचं रबर चिरलं की दाब धरत नाही, पाणी लवकर उकळतं आणि घाटात बाहेर फेकलं जातं. टोपी स्वस्त असते, नवीच टाका. आत बोअरिंगचं पाणी भरलेलं असेल तर ते काढून कूलंट भरा. बोअरच्या पाण्यातला क्षार रेडिएटरच्या नळ्यांत थर धरतो, बादली तापवायच्या हीटरवर चढतो तसा.

आता अकराचं ॲव्हरेज आणि थरथर. इथे मला एक शंका आहे. इंजिन गरम होतं अशी तक्रार आली की आपल्याकडचे बरेच मेकॅनिक थर्मोस्टॅट काढून फेकून देतात. "घाटात कशाला पाहिजे" असं वर सांगतात. थर्मोस्टॅट म्हणजे गार इंजिनातलं पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा झडपेचा दरवाजा. पाणी ऐंशी-पंच्याऐंशी अंशांना पोचलं की तो उघडतो. तो नसला की तुमच्या घर ते शाळा या दहा किलोमीटरच्या वाटेवर इंजिन धड गरमच होत नाही. इंजिनच्या कॉम्प्युटरला वाटतं गाडी अजून गारच आहे, म्हणून तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. ॲव्हरेज पडतं, प्लग काळे पडतात, आणि काळे प्लग उभ्या गाडीत मिसिंग करतात, म्हणजे मधूनच स्पार्क चुकवतात. घाटात मात्र पंखा बंद, म्हणून तीच गाडी तापते. रोज गार आणि रविवारी गरम, असं दोन्ही एकाच गाडीत होऊ शकतं.

ओळखायचं कसं? सकाळी गार गाडी चालू केल्यावर रेडिएटरला वरून येणारा जाड रबरी पाइप हाताने चाचपा, पंखा जपून. पहिली काही मिनिटं तो गार राहून मग एकदम तापला तर थर्मोस्टॅट जागेवर आहे. पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट नाही किंवा उघडा अडकलाय. आणि चालू केल्यावर मिनिटभरातच, इंजिन गार असताना, तोच पाइप दगडासारखा टणक झाला तर मात्र थांबा. ते हेड गॅस्केटचं लक्षण आहे. दांडीला ऑइल दुधाळ-चॉकलेटी दिसणं, कूलंट न गळता कमी होत जाणं, मागून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहणं, यातलं काही जोडीला असेल तर घाटात गाडी नेऊच नका. सकाळच्या पहिल्या दोन मिनिटांतला पांढरा धूर मात्र नुसती वाफ असते.

कॉम्प्रेशन टेस्टसाठी प्लग निघतीलच, तेव्हा ते मेकॅनिकला पुसू देऊ नका. क्रमाने फडक्यावर मांडा आणि टोकं बघा. फिकट विटकरी रंग म्हणजे उत्तम. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा स्पार्क कमजोर. ओलं, तेलकट काळं म्हणजे ऑइल वर येतंय, आणि मग मेकॅनिकचं म्हणणं मला मान्य करावं लागेल. प्लग जुने असतील तर चारही बदला, त्यांच्या वायरीही बघून घ्या. इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटल बॉडी आणि तिच्यातला आयडलिंगचा (उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवणारा) व्हॉल्व्ह साफ करून घ्या. त्यात कार्बन साचला की एसीचा भार पडताच गाडी मान टाकते. इतकं करूनही इंजिन गाडीला हादरवत असेल तर दोष इंजिनचा नाही, इंजिन ज्यावर बसतं त्या माउंटिंगच्या रबरांचा. रबर एवढ्या वर्षांत दबतंच. आणि कुणी स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर घ्यायला सांगितलं तर पैसे घालवू नका. 2009 च्या गाडीशी तो बोलेलच असं नाही. जुन्या मारुतीला चालणारा स्कॅनर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडूनच कोड वाचून घ्या.

रबराचा विषय निघालाच आहे तर पेट्रोलचे पाइपही बघायला सांगा. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि तुमच्या गाडीची रबरं त्या पेट्रोलसाठी बनलेली नाहीत. पाइप फुगलेला, चिकट किंवा चिरलेला दिसला तर त्याच दिवशी बदला. पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी चालवूच नका.

पुढची खडखड तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलीत, पण कामाला लागताना ती पहिली घ्या. सेल्फ लागला नाही तर तुम्ही घरी राहता. चाक धरून ठेवणारा बॉल जॉइंट निखळला तर चाक आडवं होतं, आणि ते घाटात व्हायला नको. गाडी जॅकवर घेऊन, खाली स्टँड लावून, चाक वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवून बघायला सांगा. लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, स्टॅबिलायझर बारची रबरं आणि शॉकॲब्सॉर्बरचं वरचं माउंटिंग, खडखड यांपैकीच कशाची तरी असते. स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना कटकट येत असेल तर तो ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट, बहुधा त्याचा रबरी बूट फाटून आत माती गेलेली असते. वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर असेल तर चाकाचं बेअरिंग. त्याच वेळी ब्रेक ऑइल बदलून घ्या. ते हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. ओलावा धरलेलं ऑइल उताराच्या ब्रेकिंगने तापलं की उकळतं आणि पेडल स्पंजसारखं खाली जातं. टायरच्या बाजूवरचा चार अंकी आकडाही वाचा: 2318 म्हणजे 2018 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही चांगली दिसली तरी इतका जुना टायर कोकणातल्या पावसात नको.

टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदलला ते एजंटला माहीत नसेल, तर बदललेला नाही असं समजा. तुमच्या 1061 सीसीच्या इंजिनात चेन नाही, पट्टा आहे. मीटरवरचे 82 हजार खरे असले तरी रबर वर्षांनीही म्हातारं होतं. तो तुटला की गाडी असेल तिथे बंद, ढकलून-बिकलून काही उपयोग नाही. तुम्हाला घाटात ज्याची भीती वाटते, ते घडायची सगळ्यात मोठी शक्यता मला इथे दिसते. इंजिनवर पैसा खर्चायचाच असेल तर तो या पट्ट्यावर खर्च करा.

ही कामं होईपर्यंत कराडला एसटीने जा. जावंच लागलं तर एसी बंद ठेवा. चौथ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन कण्हत ठेवण्यापेक्षा खालच्या गिअरमध्ये मोकळं फिरू द्या. काटा पाऊण भागाच्या वर गेला तर खिडक्या उघडून हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण जोरात लावा. घामाघूम व्हाल, पण इंजिनातली बरीच उष्णता तुमच्या पायांवर येईल आणि कडेला थांबायला जागा मिळेपर्यंत निभेल. काटा एचला टेकला की गाडी बंद. बॉनेट उघडून अर्धा-पाऊण तास थांबा, आणि कोणी मदतीला आलेल्या ट्रकवाल्याने रेडिएटरची टोपी उघडायला हात घातला तर त्याला थांबवा. तोंड भाजतं. उतरताना ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा.

विकावी की ठेवावी, हे मिस्टरांचं म्हणणं मी टाकून देत नाही. मात्र तो निर्णय इंजिनवरून नका घेऊ. गालिचा उचललाच आहे तर एक स्क्रू ड्रायव्हर घेऊन तळाच्या पत्र्याला टोचून बघा. बॉनेटखाली शॉकॲब्सॉर्बर जिथे वर बसतो त्या गोल जागेभोवती आणि खाली लोअर आर्म जिथे जोडलाय तिथेही. ठणठण आवाज आला तर पत्रा जिवंत आहे. स्क्रू ड्रायव्हर आत घुसला, पापुद्रे सुटले, तर मिस्टर बरोबर. त्या गाडीत एक रुपयाही घालू नका, चार आकडे कितीही चांगले आले तरी. कोकणात जुन्या गाड्यांना इंजिनआधी गंज मारतो.

पत्रा ठीक निघाला तर कागदही तपासा. आरसीवर नोंदणीची मुदत कधीपर्यंत आहे? खासगी गाडीची पहिली नोंदणी 15 वर्षांची असते, ती 2024 मध्येच संपली असणार. पुढे आरटीओत गाडी दाखवून, पर्यावरण कर भरून पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. ते झालंय का आणि विमा तुमच्या नावावर आहे का, हे आजच बघा. नसेल तर चाळीस हजारांतले पहिले पैसे तिकडे जाऊ द्या.

चारही सिलिंडरचे आकडे, अर्थिंगचा मीटरवरचा आकडा आणि फडक्यावर क्रमाने मांडलेल्या प्लगचा उजेडात काढलेला फोटो मला पाठवा. इंजिनबद्दल हो की नाही, ते त्यावरून सांगतो.